शीट मारून झाली, टॉर्च बंद झाला, तरी तासाभराने धूर कुठून येतो?

गच्चीवर एपीपी मेम्ब्रेन, म्हणजे गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीने तापवून चिकटवायची डांबराची वॉटरप्रूफिंग शीट, मारायची घाई एप्रिल-मेमध्ये असते. पावसाळा तोंडावर आलेला, वरच्या मजल्यावरचे लोक सेक्रेटरीच्या मागे लागलेले आणि ठेकेदाराच्या हातात एकाच वेळी चार सोसायट्या. याच दिवसांत एक तक्रार दरवर्षी ऐकू येते: काम व्यवस्थित झालं, टॉर्च बंद केला, माणसं जेवायला खाली गेली आणि कुणीतरी ओरडत आलं की वरून धूर येतोय. कुठे केबल जळालेली असते, कुठे पाण्याच्या टाकीची खालची बाजू वितळलेली असते, तर कुठे सरळ अग्निशमन दलाची गाडी बोलवावी लागते. मग मुकादम शपथेवर सांगतो, "साहेब, आम्ही तर टॉर्च कधीच बंद केला होता." बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो.

आरसीसी स्लॅबच्या मोकळ्या भागात टॉर्चने आग लावायची म्हटली तरी सहज लागत नाही. खाली काँक्रीट, वर ताजी चिकटलेली शीट. शीटच्या कडेला कधी छोटी ज्योत राहते, ती ओल्या फडक्याने किंवा बुटाने दाबली की संपली. घोटाळा होतो तो कडेला: कठड्यालगत, पाइपाभोवती, दोन विंगांमधल्या सांध्यावर, लिफ्ट रूमच्या दारापाशी, पत्र्याच्या शेडखाली. शंभर रोल मैदानात, म्हणजे गच्चीच्या मोकळ्या भागात, मारताना काही होत नाही, आणि शेवटच्या दिवशी 'किरकोळ' कडा बंद करताना होतं. त्यामुळे 'टॉर्च सांभाळून मारा' एवढ्या उपदेशाने ही तक्रार थांबत नाही. टॉर्चची आच कुठे शिरते आहे आणि तिथे आत काय आहे, हे आधी बघावं लागतं.

धूर दिसला तर आधी काय करायचं

शीट तापताना निघणारा डांबराचा धूर टॉर्च बाजूला घेतला की दोन-चार मिनिटांत विरतो. टॉर्च बंद होऊन पंधरा मिनिटं झाली आणि धूर आहे तसाच आहे किंवा वाढतोय, तर तो शीटचा नाही, एवढं धरून चाला. वासही कामी येतो. थर्माकोल आणि प्लास्टिकचा वास घशाला लागतो, लाकूड किंवा गोणपाट धुमसत असेल तर चुलीसारखा वास येतो, वायर जळत असेल तर रबराचा. मात्र धूर जिथून बाहेर येतोय तिथेच आग आहे असं समजू नका. सांध्याच्या पोकळीतून तो वीस फूट सरकून भलतीकडे डोकं वर काढतो.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून सिलिंडर धुरापासून लांब न्या. १०१ ला फोन करा आणि 'बघू, विझतंय का' म्हणत थांबू नका. एक माणूस ताबडतोब खालच्या मजल्यावर पाठवा. छत, डक्ट, जिन्याचा माथा, लिफ्टचा वरचा भाग त्याने बघायचा. वरच्या मजल्यावरच्या घरांची दारं वाजवायची.

विझवताना एक गफलत नेहमी होते. पावडरचा एक्स्टिंग्विशर मारला, धूर दबला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. पावडर ज्योत मारते, पण ती थंडावा देत नाही. भेगेत धुमसणारं लाकूड किंवा फायबर बोर्ड पावडरखाली तसंच तापत राहतं आणि अर्ध्या तासाने पुन्हा पेटतं. अशा धुमसणाऱ्या जागेला पाणीच लागतं, भरपूर आणि सांध्याच्या आतपर्यंत. याच्या उलट, वितळलेल्या डांबराला ज्योत लागली असेल तर त्यावर पाणी ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळतं डांबर अंगावर उडतं. तिथे पावडर किंवा कोरडी वाळू. म्हणून काम सुरू करायच्या आधीच गच्चीवर दोन्ही हाताशी हवं: पावडरचे दोन एक्स्टिंग्विशर आणि टाकीच्या नळाला जोडलेली, गच्चीच्या लांब टोकापर्यंत पोचणारी पाण्याची नळी. नळी नुसती गुंडाळून ठेवलेली नको, तिच्यात पाणी येतंय हे बघून ठेवलेली हवी. दुरुस्तीसाठी टाकी रिकामी केली असेल त्या दिवशी टॉर्च पेटवायचाच नाही. एक्स्टिंग्विशर ठेकेदाराने स्वतःचे आणावेत. सोसायटीच्या जिन्यातले काढून वर नेले तर खालचे मजले उघडे पडतात, आणि सोसायटीच्या नळकांड्याची मुदत कधी संपली हे पुष्कळदा सोसायटीलाही ठाऊक नसतं.

सर्वात मोठा गुन्हेगार: एक्सपान्शन जॉइंट

दोन विंगांच्या मधला सांधा वरून अगदी निरुपद्रवी दिसतो. ॲल्युमिनियमची पट्टी, नाहीतर जुन्या डांबराचा काळा पट्टा. ती पट्टी एकदा उचलून आत बघा. इंचभर रुंदीची फट, तिच्यात बांधकामाच्या वेळी घातलेला थर्माकोल नाहीतर डांबरात भिजवलेला फायबर बोर्ड, त्यावर वर्षानुवर्षांचा पालापाचोळा, कबुतराची पिसं, प्लास्टर करताना पडलेला सिमेंटच्या पिशवीचा कागद. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच आक्रसायला लागतो. म्हणजे भरलेला सांधा आच लागताच पोकळ होतो आणि ती पोकळी तळमजल्यापर्यंत जाणारी चिमणी बनते. टॉर्चची ज्योत हजार अंशांच्या वर असते. तिचं टोक अशा फटीवर दोन-तीन सेकंद रेंगाळलं तरी आत काय झालं ते वरून दिसत नाही. मिस्त्री शीट दाबतो, वरून सांधा बंद होतो, आतला धूर कोंडतो. बाहेर यायला त्याला वेळ लागतो. 'तासाभराने धूर' या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

हे किती लांबवर जाऊ शकतं याचं उदाहरण जर्मनीत घडलेलं आहे. ११ एप्रिल १९९६ रोजी ड्युसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या एक्सपान्शन जॉइंटवर वेल्डिंग चालू होतं. वितळलेलं लोखंड सांध्यातून खाली गेलं आणि छताच्या आतल्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे आपल्या थर्माकोललाच, आग लागली. १७ माणसं गेली. तिथे वेल्डिंग होतं, आपल्याकडे टॉर्च आहे, पण वरचा सांधा आणि खालचा थर्माकोल ही जोडी तीच.

उपाय सोपा आहे, फक्त कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्यावा लागतो. सांध्यावर टॉर्च नाही. पट्टी काढायची, आतला कचरा हाताने आणि व्हॅक्यूमने काढायचा, न जळणारी रॉकवूल भरायची आणि वरून स्वतः चिकटणारी शीट सांध्याची हालचाल सोसेल अशी सैल वळी देऊन बसवायची. मुख्य शीट सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान तीन फूट अलीकडे थांबवायची. मधला पट्टा स्वतः चिकटणाऱ्या शीटने किंवा डांबराशी जुळणाऱ्या ब्रशने लावायच्या कोटिंगने जोडून घ्यायचा. ठेकेदार म्हणेल, "एवढ्या तुकड्यासाठी वेगळं मटेरियल कुठे आणू?" आणायला लावा. ब्रिटनमध्ये छप्परवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'सेफ टू टॉर्च' नावाची पद्धतच घालून दिली आहे. तिचा गाभा हाच: टॉर्च घेऊन गच्चीवर चढण्याआधी, डिझाइनच्या वेळीच, कुठे ज्योत न्यायची नाही हे ठरवायचं आणि तिथे बिनज्योतीचा माल वापरायचा. मैदान टॉर्चने, कडा टॉर्चविना, ही विभागणी आपल्याकडेही सहज जमते.

जुनी इमारत असेल तर वेगळा हिशेब

वर जे 'आरसीसीवर आग सहज लागत नाही' म्हटलं ते दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींना, पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांना लागू होईलच असं नाही. तिथे गच्ची म्हणजे सागवानी तुळया, त्यावर वासे, फळ्या किंवा फरशी, आणि त्यावर चुन्याचा कोबा. वरून चालताना आरसीसीसारखंच टणक लागतं. पण कोब्याला भेग असेल तर टॉर्चची आच भेगेतून शंभर वर्षं वाळत पडलेल्या लाकडापर्यंत जाते. कोरडं लाकूड अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास पेट घेतं आणि बराच वेळ तापत राहिलं तर त्याहूनही कमी तापमानाला धुमसायला लागतं. धुमसणारी तुळई रात्री दोन वाजता ज्योत धरते, तेव्हा गच्चीवर कुणी नसतं.

अशा इमारतीवर टॉर्च नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. 'जरा जपून मारू' हेही नको. थंड पद्धतीची शीट किंवा ब्रशचं कोटिंग थोडं महाग पडेल, पण इथे दराची तुलना करण्यात अर्थ नाही. स्लॅब कसली आहे याची खात्री नसेल तर वरच्या मजल्यावरच्या घरात जाऊन छत बघा. फॉल्स सीलिंग असेल तर एक तुकडा उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी कोटेशन देणारे दहापैकी नऊ जण खालच्या घरात पाऊलही टाकत नाहीत.

गच्चीवरचा बाकीचा दारूगोळा

सोलर हीटरच्या पाइपांवरचा काळा फोम, डिशच्या केबली, एसीच्या तांब्याच्या नळ्यांचं आवरण, प्लास्टिकची टाकी, टाकीखाली कोंबलेली मोडकी खुर्ची आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल, कुंड्यांतला वाळलेला कोकोपीट, लिफ्ट रूमच्या जाळीमागचं कबुतराचं घरटं, मोबाइल टॉवर असेल तर त्याच्या जाड केबली आणि जनरेटरचं डिझेल. एक दिवस आधी हे सगळं हलवा. हलवता येत नसेल त्याच्या आसपास टॉर्च नेऊ नका. लिफ्ट रूमची आणि डक्टची जाळी ओल्या गोणपाटाने नाही, पत्र्याने झाका. गोणपाट मे महिन्याच्या उन्हात वीस मिनिटांत वाळतं.

कबुतराच्या घरट्याला हसू नका. वाळक्या काड्या आणि पिसं एका ठिणगीने पेटतात आणि ती कठड्यामागच्या खोबणीत असतात, नेमक्या त्याच जागी जिथे शीट वर चढवून बंद करायची असते.

प्रायमरवरून निळी ज्योत पळते

हा प्रकार ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. टॉर्च पेटवला आणि स्लॅबवरून पायाच्या उंचीची फिकट निळी ज्योत सरसरत गेली. शीट चिकटावी म्हणून स्लॅबवर आधी लावतात तो सॉल्व्हंटचा प्रायमर पूर्ण वाळलेला नव्हता. त्यातल्या टर्पेंटाइनसारख्या द्रावाची वाफ ४० अंशांच्या आसपासच पेटण्याजोगी होते, आणि मे महिन्यात दुपारी गच्चीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी गरम असतो. म्हणजे ओला प्रायमर उन्हात नुसता पडून असतानाही वाफ सोडतच असतो. ही वाफ जड, ती कठड्याच्या आत साचते.

डब्यावर वाळायचा वेळ चार ते आठ तास लिहिलेला असतो, पण तो सपाट, पातळ थरासाठी. खळग्यात प्रायमर साचला असेल तर वरून साय धरते आणि खाली ओलाच राहतो. बोट दाबून बघा, काळं लागलं तर थांबा. सकाळी प्रायमर आणि दुपारी टॉर्च हा शॉर्टकट सोडून द्या. संध्याकाळी प्रायमर, दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च. पाण्याचा इमल्शन प्रायमर चालत असेल तर त्याहून बरं. प्रायमरचे डबे, ब्रश, पुसलेली फडकी टॉर्चच्या गच्चीवर ठेवायची नाहीत, जिन्यातही नाहीत. ती थेट खाली न्यायची.

मिस्त्री इतका टॉर्च मारतोच का?

आगीच्या तक्रारी करताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर बऱ्याचदा ओलाव्यात सापडतं. स्लॅब ओलसर असेल तर शीट चिकटत नाही, खाली वाफ होते, फुगा येतो. मग मिस्त्री दाब देण्याऐवजी आच वाढवतो, त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरतो आणि ज्योत शीटच्या पुढे सांडून कठड्यावर, पाइपावर, भेगेत जाते. काम वाईट होतं आणि धोकाही वाढतो.

नीट काम कसं दिसतं ते एकदा जवळून बघून ठेवा. रोल हळूहळू उलगडत असतो आणि ज्योत मुख्यतः रोलच्या खालच्या अंगावर, थोडी स्लॅबवर. शीटच्या तळाचं पातळ प्लास्टिक आक्रसून नाहीसं होतं, त्याखालचं डांबर चकाकायला लागतं, आणि रोल पुढे सरकला की त्याच्या पायाशी वितळलेल्या डांबराची बारीक लाट चालत राहते. ओव्हरलॅपच्या कडेने साधारण पाच ते दहा मिलिमीटरचा काळा ओघळ सलग बाहेर आला की तिथली आच पुरे झाली. ओघळ नाही तर सांधा कच्चा. ओघळ हातभर पसरलाय, शीटवर पोपडे आलेत, आतलं पॉलिएस्टरचं जाळं दिसतंय, तर शीट करपली. ती पावसात टिकणार नाही आणि मिस्त्रीचा हात जड आहे हेही कळलं. अशा हाताला कठड्याचं काम देऊ नका.

ओलावा तपासायला यंत्र लागत नाही. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक स्लॅबवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचं आणि निदान १६ तास ठेवायचं. आतून घाम आला किंवा काँक्रीट काळवंडलं तर थांबायचं. नुकतीच गच्ची धुतली असेल, वळवाचा पाऊस पडून गेला असेल, किंवा जुन्या विटांच्या कोब्यात पाणी मुरलेलं असेल तर हे हमखास दिसतं. कोबा वरून वाळलेला दिसतो आणि आत पाणी धरून बसतो, त्यामुळे तिथे चार ठिकाणी प्लास्टिक लावा. टॉर्चने स्लॅब 'वाळवून घेणं' ही पद्धत नाही. त्यात गॅस जातो, वेळ जातो आणि काँक्रीटच्या वरच्या अर्ध्या सेंटिमीटरपलीकडे काही वाळत नाही.

सिलिंडरवर घाम येतो, ज्योत मंदावते

टॉर्च गॅस फार वेगाने ओढतो. आतल्या द्रवाचं बाष्पीभवन होताना सिलिंडर थंड पडतो, बाहेर पाणी सुटतं, पुढे पांढरं दव धरतं आणि दाब घसरतो. ज्योत पिवळी, लांब, मऊ होते. गॅस संपला असं वाटतं, पण हलवलं तर आत खळखळतो. इथून पुढे साइटवर जे उद्योग चालतात ते बघून अंगावर काटा येतो. कुणी सिलिंडर आडवा करतं, कुणी उलटा, कुणी चक्क टॉर्चच त्याच्या पोटावरून फिरवतं.

आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर पडतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. ज्योत टॉर्चच्या तोंडाशी न राहता माणसाच्या उंचीएवढी पुढे झेपावते आणि हातातली टॉर्च सावरायलाही वेळ मिळत नाही. सिलिंडर तापवण्याबद्दल बोलायलाच नको.

दोन सिलिंडर आलटून पालटून वापरा. दव धरलेला बाजूला, उभा, विसावू द्या, तोवर दुसरा. काम मोठं असेल तर १९ किलोच्या जागी ४७.५ किलोचा घ्या. सिलिंडर मोठा असला की त्याला हवेतून उष्णताही जास्त मिळते आणि तो लवकर गारठत नाही. १४.२ किलोचा घरगुती लाल सिलिंडर तर आणूच नका. २००० सालच्या एलपीजी आदेशाप्रमाणे तो व्यावसायिक कामाला वापरायला बंदी आहे. शिवाय एवढ्या ओढीला तो पुरतही नाही, आणि गारठला की आडवा करायचा मोह त्याच्याच बाबतीत जास्त होतो.

ज्योत विझते, फटफट आवाज येतो, पुन्हा पेटवावा लागतो

नोझलच्या हवेच्या छिद्रांत डांबर अडकलंय का ते बघा. पितळी ब्रशने साफ करा, तारेने टोचू नका, छिद्र मोठं होतं. वारा जोरात असेल तर विझणारच. अशा वेळी ज्योत कुठे जाईल तेही सांगता येत नाही, म्हणून काम थांबवा. चौपाटीजवळच्या किंवा उंच इमारतींवर दुपारनंतर वारा धरतो, तिथे सकाळचेच तास खरे.

रेग्युलेटर हे दुसरं कारण. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर शेगडीसाठी बनवलेला, त्याचा दाब टॉर्चला अजिबात पुरत नाही. मग लोक तो काढून नळी थेट व्हॉल्व्हवर बसवतात. आता दाबावर कुणाचाच ताबा नाही. टॉर्चसाठी दाब कमी-जास्त करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर लागतो आणि नळी आयएस ९५७३ छापलेली, गॅसचीच. बागेची नळी नाही, मधे जोड देऊन वाढवलेली नाही. दोन्ही टोकांना क्लॅम्प. रोज सकाळी साबणाचं पाणी लावून बघायचं. नळी ताज्या गरम शीटवरून ओढली जाते आणि तिथेच ती मऊ होऊन चिरते. म्हणून सिलिंडर मागे ठेवायचा आणि नळी न मारलेल्या बाजूने फिरवायची.

ज्योत विझली की लगेच लायटर लावायचा नाही. आधी टॉर्चचा व्हॉल्व्ह बंद. एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड आहे आणि चहूबाजूंनी कठडा असलेली गच्ची म्हणजे त्याच्यासाठी हौदच. हवेत सुमारे दोन टक्के गॅस झाला तरी तो पेटतो. गळलेला गॅस जिन्याच्या दारातून, पावसाच्या पाण्याच्या पाइपातून खाली उतरतो. जिन्याचं दार बंद ठेवा आणि सिलिंडर पाण्याच्या पाइपाच्या तोंडाजवळ कधी उभा करू नका. गॅसचा वास जाईपर्यंत थांबा, तोवर मोबाइलवर गप्पा नाहीत, बिडी तर नाहीच.

टॉर्च खाली ठेवताना त्याच्या पायावर, तोंड वर आणि रोलपासून दूर. पेटता टॉर्च ठेवून चहा घ्यायला गेलेला माणूस दिसला तर त्या दिवशी त्याचं काम बंद करा.

पहारा

वर सांगितलेलं सगळं करूनही काहीतरी निसटतंच. त्यासाठी पहारा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या ५१बी या मानकात गरम कामानंतर, म्हणजे वेल्डिंग किंवा टॉर्चसारख्या कामानंतर, पहाऱ्याची मुदत आधी अर्धा तास होती, २०१९ च्या आवृत्तीत ती एक तास केली. आपल्याकडे साइटवर ती सरासरी शून्य मिनिटं असते, कारण टॉर्च बंद होतो तो नेमका जेवणाच्या किंवा घरी जायच्या वेळी. वेळापत्रकच उलटं करा. जेवणाआधी तासभर टॉर्च बंद, त्या वेळात रोल उचलणं, आखणी, सफाई. संध्याकाळी माणसं सहाला निघणार असतील तर टॉर्च चारलाच बंद. ठेकेदार कुरकुर करेल, म्हणून हेही कोटेशनमध्ये लिहा.

पहारेकऱ्याला दुसरं काम द्यायचं नाही. त्याने दर दहा मिनिटांनी कडेकडेने फिरायचं, सांध्याला, कठड्याला, पाइपाला हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायचं, आणि एकदा तरी वरच्या मजल्यावर उतरून छताकडे बघायचं. तापमान दाखवणारी पिस्तुलासारखी इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम. आकड्यापेक्षा फरक बघा. सगळा कठडा ५० दाखवतोय आणि एक वीतभर जागा ८० वर आहे, आणि दहा मिनिटांनी ती ८५ झाली, तर उन्हाला दोष देऊ नका. तिथे पाण्याची नळी आणा आणि शीट कापून आत बघा. ताजी शीट कापायला जीवावर येतं खरं, पण तिला ठिगळ अर्ध्या तासात लागतं. आडजागी आग विझवायला अग्निशमन दलाला लागणारं पाणी खालच्या तीन मजल्यांत उतरतं.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. काम चालू असेल त्या दिवसांत गच्चीचा फायर पंप आणि वरची हायड्रंट लाइन चालू आहे हे वॉचमनकडून नाही, स्वतः व्हॉल्व्ह फिरवून बघा. वॉटरप्रूफिंगवाल्यांना अडचण नको म्हणून ती लाइन बंद करून ठेवलेली असते, असं अनेक ठिकाणी पाहिलंय.

भाजलं तर

साइटवर निम्मी माणसं चपलेत असतात आणि अंगात पॉलिएस्टरचा टीशर्ट. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट बुटाच्या बाहेर म्हणजे डांबर बुटात उतरणार नाही, चामड्याचे हातमोजे. घोटा झाकणारे बूट ठेकेदाराने द्यायचे, 'घेऊन या' म्हणून चालत नाही.

गरम डांबर अंगावर पडलं तर ते सोलून काढायचं नाही. कातडीही सोबत निघते. वाहत्या गार पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरायचं, डांबर घट्ट होईपर्यंत आणि त्याच्या खालची आच उतरेपर्यंत. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, केरोसीनने पुसणं तर मुळीच नको. अंगठी, घड्याळ, धागा लगेच काढून ठेवा, नंतर सूज येते. मग स्वच्छ कापड सैल ठेवून दवाखान्यात. डांबर काढायचं काम डॉक्टरांचं. तोंड, हात, किंवा बोटाभोवती पूर्ण वेढा पडलेला असेल तर जवळचा दवाखाना न शोधता थेट भाजलेल्यांवर उपचार होणाऱ्या मोठ्या इस्पितळात न्या.

काम संपल्यावर सिलिंडर गच्चीवर ठेवून जायचं नाही, रिकामा असला तरी. रिकाम्या सिलिंडरमध्ये गॅस उरलेलाच असतो. व्हॉल्व्ह बंद, टोपी लावलेली, आणि खाली नेताना जिन्याने. लिफ्टशिवाय गत्यंतरच नसेल तर सिलिंडर एकटा पाठवायचा, एक माणूस वर, एक खाली. माणसांनी भरलेल्या लिफ्टमध्ये गळका सिलिंडर आणि दोन मजल्यांमध्ये गेलेली वीज, ही जुळणी मे महिन्यात अजिबात अशक्य नाही.